आतोबांचा आवाज आणि नवी आवृत्ती

आमच्या आतोबांचा आवाज मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कायमचा गेला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, स्वतः अकरा वर्षांपूर्वीच गेले होते. हे एकदाच सांगून ठेवते. आता असं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

दुकान बाबांचं. लोक जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणतात, आम्ही त्या कॉम्प्युटरवर चढवतो आणि हल्लीच्या फोनवर दिसतील अशा फाइली करून देतो. ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं ते बाबांनी वीस वर्षांपूर्वी घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास, आणि हे माझ्या तोंडावर सांगायलाही ते कचरत नाहीत. कॅसेटवरचं चित्रण ते सॉफ्टवेअर आधी आपल्या खास प्रकारात साठवतं. तो प्रकार जगात दुसऱ्या कुणालाच उघडता येत नाही. बाबा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "तिजोरी आहे तिजोरी!"

दुकानाचे नियम दोन. गिऱ्हाईक आधी, घरचं काम शेवटी. आणि घरच्या कुणाची कॅसेट एकदा चढवून झाली की ती पुसून पुन्हा वापरायची, कारण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आतोबा गेले त्याच महिन्यात आत्याने तिची कॅसेट आणून दिली. ती चढली, पुसली गेली, आणि तिच्यावर कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन जाऊन बसलं. आत्याची फाइल तिजोरीत रांगेत राहिली. गिऱ्हाइकं येतच राहिली.

त्या चित्रणात आतोबा कुठेच दिसत नाहीत. माणूस जन्मभर कॅमेऱ्यामागे. सगळ्या खानदानाला ओळीत उभं करून बावीस मिनिटं ते "डावीकडे सरका, अजून सरका" एवढंच ओरडतात. लोक सरकत सरकत शेवटी चौकटीबाहेर जातात आणि मागची भिंत तेवढी उरते. बाबा सांगतात, आतोबा भिंतीलाही एकदा सरक म्हणाले. त्यांचा आवाज या जगात शिल्लक होता तो एवढाच.

सोमवारी रांग संपली. दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदाच. बाबांनी लगेच फोन लावला. "ताई, उद्या अकराला ये. तुझा नंबर लागला."

"लागला का? मला वाटलं, आधी वरचाच लागतोय."

मंगळवारी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे विचारलं, नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालू का? दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नको' असं बटण कधीच नव्हतं. दोन वर्षं मी नेमाने 'नंतर' दाबत आले होते. पण आत्या इतक्या वर्षांनी येणार, तर कॉम्प्युटर कसा आंघोळ करून बसलेला असावा. मी 'आत्ता' दाबलं. दहा वीसला तो चकचकीत होऊन बाहेर आला.

आत्या अकराच्या ठोक्याला आली. कानाच्या मशीनमध्ये नवा सेल घालून आली होती. बाबांनी तिला मधली खुर्ची दिली, हात पुसले आणि सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. पडद्यावर एक चौकोन आला. बाबांनी तो मोठ्याने वाचला. "हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही." मग पुन्हा वाचला, सावकाश, पहिल्या वेळी आपलंच काही चुकलं असावं अशा सुरात.

"येतंय का रे छोट्या?" आत्याने विचारलं. छोट्या म्हणजे बाबा, वय वर्षं एकसष्ट.

"येतंय, येतंय." मग माझ्या कानाशी, "काय केलंस?"

"सुधारणा."

"कुणी सांगितली होती?"

"त्यानेच."

बाबांनी कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जणू तो माझ्या सासरकडचा असावा. माझं अजून लग्न झालेलं नाही.

दीडपर्यंत मी जुनी सिस्टिम शोधून परत घातली, सॉफ्टवेअरही नव्याने बसवलं. उघडलं! बाबांनी टाळी वाजवली. मग खाली बारीक अक्षरांत आलं, 'परवाना तपासण्यासाठी कंपनीशी संपर्क साधत आहे.' कंपनी नऊ वर्षांपूर्वी बंद पडली आहे. तरी मी पावतीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "सिंगल की डबल?" तो नंबर आता गाद्यांच्या दुकानाचा आहे.

बाबांनी कपाटातून परवान्याचा कागद काढला, उलगडला आणि पडद्यासमोर धरला. "आजन्म लिहिलंय! आजन्म!"

"कुणाचा जन्म, बाबा?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. पाठीमागे कोरं होतं.

शेवटी सॉफ्टवेअरलाच आमची दया आली. 'परवान्याविना फक्त चित्र पाहता येईल. आवाजासाठी परवाना आवश्यक आहे.'

आणि चित्र सुरू झालं. भरपूर केसांचे बाबा, फ्रॉकमधली मी, मधोमध आत्या. सगळे एकाच ठिकाणी बघतायत. सगळे सरकतायत.

आत्याने कानाचं मशीन चाचपलं. "आवाज वाढव गं."

"आत्या, आवाज नाहीये."

"मग तोच तर लाव."

मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, 'आत्ता'सकट. बाबांचा हात माउसवर तसाच राहिला होता, बाबा मात्र कुठे गेले होते कुणास ठाऊक. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "अकरा वर्षं, छोट्या," एवढंच म्हणाली.

"परत लाव," ती मला म्हणाली.

परत लावलं. या वेळी ती पडद्यावर बोट ठेवून सांगत होती. "हे बघ, आता ओरडले, तुझा बाप दचकला. आता काहीतरी चावट बोलले, म्हणून मी पदराआड हसतेय. आता भिंतीला म्हणाले." मग थांबली. "कसा होता गं आवाज? तू तर चांगली सोळा वर्षांची होतीस ते गेले तेव्हा."

मी आठवायला गेले. शब्द सगळे आले. आवाज आला नाही. इतक्या साध्या गोष्टीने माणूस गार पडतो हे मला माहीत नव्हतं.

"मलाही येत नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तर कॅसेट दिली होती."

गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू केली, बंद केली.

"कागद घे," ती म्हणाली. "कंपनीला लिही."

"कंपनी बंद आहे, आत्या."

"म्हणून तर लेखी द्यायचं."

मी लिहिलं, ती सांगत गेली, बाबांनी दुकानाचा शिक्का मारला.

"प्रति, मा. व्यवस्थापक, बंद कंपनी. विषय : आवाज मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदार महिला ज्येष्ठ असून त्यांनी रांगेचा नियम अकरा वर्षे काटेकोरपणे पाळला आहे. चूक अर्जदारांच्या भावाची व भाचीची असून दोघेही ती मान्य करीत आहेत. तरी आपण आपली कंपनी एका दुपारपुरती पुन्हा सुरू करून, अर्जदारांच्या यजमानांना बोलण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."