वाक्य ज्याचं त्याचं

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला, म्हणजे चिमटीला, नृत्य-नाट्याच्या वर्गात घातलं ते तिच्या आईने. मी फक्त माहितीपत्रक वाचलं. त्यात अकरा फायदे दिले होते. आत्मविश्वास, एकाग्रता, स्मरणशक्ती, ताठ कणा वगैरे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. एका कागदावर अकरा दावे दिसले की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तीन महिन्यांनी ती यादी घेऊन बसलो. कणा अजून ताटावर वाकलेलाच होता. पाण्याची बाटली दर वेळी वर्गात विसरून यायची. एकाग्रतेची चौकशी करायला हाक मारली, तर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या चिमटीने ती ऐकलीच नाही. हे दाव्याच्या बाजूने धरावं की विरुद्ध, ते ठरेना.

"एकदा जाऊन तर बघ," बायको म्हणाली. "की तिचा दावाही पत्राने फेटाळणार आहेस?"

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकांना वर्गात बसू देतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची लांबलचक खोली. एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला आमच्या खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, पन्नाशीच्या, आवाज असा की खालचा सायकलवाला हवा भरायचा थांबावा. आधी अर्धा तास नाच झाला. मग नाटकाची तालीम. प्रसंग दवाखान्यातला होता, आणि डॉक्टर झालेला मुलगा स्वतःचं वाक्य विसरला.

माझ्या शेजारी त्याची आई बसली होती. तिने हळूच वाक्य पुरवलं.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

ती उभी राहिली. मीही अर्धा उठलो, शाळेतल्या जुन्या सवयीने.

"वाक्य त्याचं आहे ना? मग त्याला शोधू दे. तुम्ही हातात दिलंत तर तो तुमचं बोलेल."

बाईंचा नियमच होता तसा. ज्याचं वाक्य अडलं त्याला सांगायचं नाही, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, आपल्या हातांना काम द्यायचं आणि थांबायचं. चिमटी पेशंट होती. तिने बुटाची नाडी सोडली आणि सावकाश परत बांधली. दुसरी एक पेशंट मासिक चाळत राहिली. माझ्या ऑफिसात इतक्या शांतपणे कोणी कोणाची वाट बघितल्याचं मला आठवत नाही. घड्याळ लावून मोजले, चौदा सेकंद. मग त्या मुलाला वाक्य सापडलं, जरा निराळ्या शब्दांत.

"लिहिलंय त्यापेक्षा हे बरं आहे," बाई म्हणाल्या आणि वहीत बदल करून घेतला.

पत्रकात हा फायदा नव्हता.

आमच्या घरात चौदा सेकंद कोणाकडेच नव्हते. आठ महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सुधारला, शब्द मात्र उशिरा येऊ लागले. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस "मला जरा..." म्हणून थांबायचा, आणि आम्ही प्रेमाने धावत सुटायचो. एकदा पाहिलं तर त्यांच्या मांडीवर शाल, वर्तमानपत्र, औषधाची डबी आणि टीव्हीचा रिमोट होता. मागितलेलं सोडून सगळं मिळालं होतं. ते नुसती मान हलवायचे. मान हलवायला शब्द लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ताई आली ती रिकामी बॅग घेऊन. माझी मोठी बहीण मुख्याध्यापिका आहे. ती प्रश्न विचारते तेव्हा उत्तर सोबतच आणते. आम्ही नवरा-बायको नोकरीला, चिमटी शाळेत, नाना दिवसभर एकटे. तेव्हा त्यांना आपल्या शहरात न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. ते इथेच राहणार, असं मी ठरवलं होतं.

"नाना, येताय ना माझ्याकडे?"

"मला..."

"लिफ्ट आहे. दवाखाना समोरच."

"त्यांना म्हणायचंय, मला इथेच बरं वाटतं," मी म्हणालो.

"तुला कसं कळलं?"

"मग तुला कसं कळलं?"

नानांनी मान हलवली. ती आम्हा दोघांनाही आपल्या बाजूची वाटली. ताईने बॅगेची चेन उघडली.

तेवढ्यात चिमटीने स्वयंपाकघरातून मटारच्या शेंगांची पिशवी आणून टेबलावर ओतली.

"आत्या, सोल."

"अगं, मोठी माणसं बोलतोय ना आम्ही."

"तुम्हीच बोलताय. वाक्य आजोबांचं आहे." मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुम्हीपण. आणि त्यांच्याकडे बघायचं नाही."

साडेसहाशे मुलं जिला घाबरतात ती मुख्याध्यापिका मुकाट्याने शेंगा सोलू लागली. माझ्या ओठांवर दोनदा नानांचं वाक्य आलं, दोन्ही वेळा मी तोंडात दाणे टाकून वाट बंद केली. चौदा सेकंद कधीच उलटून गेले. बायकोने एका शेंगेतली अळी काढून बाजूला ठेवली. चिमटीची नजर शेंगांवरून हलली नाही. पोरगी सवयीची होती, आम्ही तिघं नवखे.

"मला," नाना म्हणाले, "दुकान."

कोणीही वर बघितलं नाही.

"सकाळी... दुकानात सोडा. बसेन मी. संध्याकाळी... इथे." मग बऱ्याच वेळाने, "ताईकडे... चार दिवस. पाहुणा म्हणून."

दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांचे जुने भागीदार चालवतात, एकटेच असतात आणि बोलायला माणूस शोधत असतात. नानांना वाईट वाटेल म्हणून आठ महिन्यांत दुकानाचं नाव आम्ही कोणी काढलं नव्हतं. नानांनी दिवसभर एकटं कसं राहायचं, यावर मी आणि ताई फोनवर महिनाभर भांडलो, आणि उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांना शाली पांघरवत राहिलो.

ताईने कोपराने डोळे पुसले, हात मटारचे होते म्हणून.

"चार नाही, आठ दिवस," ती म्हणाली.

"बघू," नाना म्हणाले. हा शब्द मात्र लगेच आला.

"आणि दुपारचं जेवण? तिथे कोण बघणार?"

"ते..." नानांनी सुरुवात केली आणि थांबले.

शेंगा संपल्या होत्या. टेबलावर नुसती सालं उरली होती. ताईने तोंड उघडलं, मिटलं, आणि हात मांडीवर ठेवले. मीही ठेवले. आम्ही सगळे तसेच रिकाम्या हातांनी बसून राहिलो.