खालची कवळी

शिवम्माच्या तोंडात कवळी आली आणि शिवपुत्रला तिचं बोलणं कळेनासं झालं.

पस्तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काम करून त्याचे कान गेले होते. कानाचं मशीन लावलं की नुसता गलका ऐकू यायचा, म्हणून ते कपाटातच पडून असायचं. कारखान्यातल्या इतरांसारखा तोही ओठ वाचायला शिकला होता, आणि सगळ्यात नीट वाचता यायचे ते बायकोचे.

वर्षापूर्वी शिवम्माचे उरलेसुरले दात काढावे लागले. वरची कवळी बसली; खालची मात्र जीभ लागली तरी उचलायची. ती सटकू नये म्हणून शिवम्मा ओठ आवळून बोलायला लागली. तिनं 'पाणी तापलं' म्हणावं आणि ह्यानं पावणं आलं समजून दाराकडं जावं. सुरुवातीला दोघं हसायचे. मग तो चिडायला लागला, आणि पुढं त्यानं विचारणंच सोडलं. जेवताना मान वर करेना. शिवम्माला ते सोसेना.

नवी पेठेजवळच्या दवाखान्यात डॉक्टर वैष्णवीनं दोन उपाय सांगितले. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बारीक स्क्रू बसवायचे. त्यांच्यावर कवळी बटणासारखी बसेल. नाहीतर नव्यानं माप घेऊन साधीच कवळी करायची. ती आताच्यापेक्षा बरी होईल, पण अजिबात हलणार नाही याची खात्री नाही.

"स्क्रूच घाला," शिवम्मा म्हणाली.

ठरल्या दिवशी ती कवळ्या काढून खुर्चीत बसली. शिवपुत्र समोरच्या स्टुलावर होता. डॉक्टरनं मास्क लावला आणि फॉर्मवरचे प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतले. साखर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या.

"हाडं ठिसूळ झालीत म्हणून काही गोळ्या, इंजेक्शन?"

"न्हाय," शिवम्मा म्हणाली.

ते खोटं होतं. चैत्रात ती न्हाणीत घसरून पडली होती, डावं मनगट मोडलं होतं आणि हाडांच्या डॉक्टरनं वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन सलाईनमधून दिलं होतं. पण मागच्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या तिनं ऐकलं होतं, तसलं इंजेक्शन घेतलेल्या एका बाईचं काम डॉक्टरनं लांबणीवर टाकलं होतं.

डॉक्टर भुलीची सुई भरू लागली. मास्कमुळं शिवपुत्रला काहीच कळलं नव्हतं. त्याला फक्त शिवम्माचा हात दिसला. ती डावं मनगट चोळत होती. भ्याली की ती तसंच करायची.

"थांबा!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की बाहेरचे लोक डोकावले. "काय इचारलं तुमी हिला? तोंडावरचं काढून सांगा."

डॉक्टरनं मास्क खाली केला. "हाडांसाठी इंजेक्शन घेतलंय का, काका?"

त्यानं ते वाचलं आणि बायकोकडं पाहिलं. तिनं मान जराशीच हलवली. कवळीविना तिचे ओठ मोकळे होते. आवाज न काढता ती म्हणाली, "सांगू नका."

कितीतरी महिन्यांनी तिचे शब्द त्याला लख्ख कळले.

"घेतलंय," तो म्हणाला. "चैत्रात. सलाईनमधनं."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. "मावशी, धोका थोडाच असतो. पण कधीकधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आज मी हात लावणार नाही."

रिक्षात शिवम्मा त्याच्याकडं पाठ करून बसली. घरात शिरल्यावर तिनं पिशवी आपटली. "तोंड माझं, हाड माझं. तुमचं काय जात होतं?"

"जबडा सडला असता म्हंजे?"

"सडू दे! तुमी बोलता कुटं माज्याशी?"

कवळ्या अजून पिशवीतच होत्या, त्यामुळं हे सगळं त्याला कळत होतं. तो तिच्यासमोर जाऊन म्हणाला, "सारखं सारखं 'काय, काय' इचारायची लाज वाटायची गं. तुज्यावर राग नव्हता."

शिवम्माला आजवर तो रागच वाटला होता.

हाडांच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: एकच डोस झालाय, काळजी घेऊन इम्प्लांट करता येतील. आता अडवणारं कुणी नव्हतं. तरी शिवम्मानं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ती डॉक्टर वैष्णवीला म्हणाली, "आधी साधीच करा. ह्ये इचारतील, मी परत सांगीन. न्हायच जमलं तर स्क्रू हायेतच की."

नव्या मापाची कवळी आधी मेणात दात बसवून तोंडात लावून बघतात. डॉक्टरनं शिवपुत्रला समोर बसवलं आणि शिवम्माला शब्द म्हणायला लावले. 'भाकरी' त्याला कळला. 'वांगं' कळेना. मेणातले खालचे दात ओठाला पुढं ढकलत होते, त्यामुळं वरचे दात त्याला टेकतच नव्हते. डॉक्टरनं मेणातले पुढचे दात केसभर मागं सरकवले.

"परत म्हणा."

शिवम्मानं म्हटलं. तो पुढं झुकला, कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.

"वांगं!"

नवी कवळीही कडक भाकरीला उचलते. शिवम्मा भाकरी दुधात कुस्करते. तिच्या दहा वाक्यांतली आठेक शिवपुत्रला कळतात. उरलेल्या दोन वाक्यांसाठी तो, "काय म्हणलीस?" म्हणून विचारतो, आणि ती चूल सोडून त्याच्यासमोर येऊन पुन्हा सांगते. कधी चिडून सांगते, पण सांगते.