खात्रीचं निगेटिव्ह

लघवीतला गरोदरपणाचा हार्मोन तपासायच्या पट्ट्यांचा नवा खोका आला, की लॅबमध्ये आधी दोन नमुने लावून बघायचे: एक गरोदर बाईचा, एक नक्की गरोदर नसलेल्या कुणाचा तरी. दुसऱ्याला पुरुषही चालतात. पण लॅबचे शिपाई, म्हणजे मामा, रिकामी बाटली पाहूनच कानापर्यंत लाल व्हायचे. म्हणून ते काम लॅब सांभाळणाऱ्या ताईंनीच अंगावर घेतलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, उपचार करून नवरा-बायको थकलेले, शेवटी दोघांनी तो विषयच बंद केलेला. "माझ्याइतकं खात्रीचं निगेटिव्ह शोधून सापडायचं नाही," असं ताई हसत म्हणायच्या. मामांना ते हसणं कधीच आवडलं नाही.

त्या सकाळी ताईंच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह.

"भिकार माल!" ताईंनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात फेकली. दुसरी लावली, तीही तशीच. मग फोनवरून त्यांनी पट्ट्या पुरवणाऱ्या किटवाल्याला असं झाडलं, की तो धापा टाकतच हजर झाला.

"उचला हा खोका! बायका जीव मुठीत धरून येतात इथं. त्यांना खोटी आशा दाखवायची?"

किटवाला इरेला पेटला. "माझीच तपासा ना, ताई!" बाटली घेऊन तो आत गेला. त्याच्या पट्टीवर एकच रेघ.

"एखादी निघते चांगली," म्हणत ताईंनी मामांकडे पाहिलं. मामा देवाचं नाव घेत आत गेले, नळ धो धो सोडला आणि बऱ्याच वेळानं बाटली रुमालात झाकून आले. त्यांचीही एकच रेघ.

ताईंनी मनातल्या मनात तारखा मोजल्या. पाळी चुकली होती, पण ती त्यांनी वयाच्या नावावर खपवली होती. टाकलेल्या पट्टीला हात लावाल तर याद राखा, असं सगळ्यांना दटावणाऱ्या ताईंनी डब्यात हात घातला आणि आपली पट्टी बाहेर काढली. पुन्हा आशा धरायची त्यांना भीती वाटत होती.

"मग नेऊ ना खोका?" किटवाल्यानं विचारलं.

"हात तर लावून बघा!" खोका छातीशी धरून ताई ढसाढसा रडायला लागल्या.

मामांचेही डोळे भरून आले. "ताई, आता पुढच्या खोक्याला निगेटिव्ह कोण देणार?"

"तुम्ही," ताई नाक पुसत म्हणाल्या. "आणि नळ सोडायचा नाही."