सोबत राहणारी आश्रित व्यक्ती

टाचणीला गंज चढला होता आणि तिच्याभोवती औषधांच्या बिलांवर तांबूस डाग पडले होते — त्याने नखाने एक खरवडून पाहिला, तर कागदच फाटला. जपून. आज हेच आपले साक्षीदार... करकार्यालयाच्या बाकावर तो सकाळपासून बसला होता. मांडीवर ताईने दिलेली पिशवी, पिशवीत आईची सहा वर्षांची बिलं आणि खिशात नोटीस: ‘सोबत राहणारी आश्रित व्यक्ती’ म्हणून आईच्या शुश्रूषेची वजावट घेतली आहे, पुरावे घेऊन यावे.

सोबत राहणारी... पहिल्या वर्षी ते खरंच होतं. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती त्याच्याकडेच होती, इस्पितळाचं बिल त्यानेच भरलं होतं. चार महिन्यांनी ताई आली, म्हणाली, "तुझी फार ओढाताण होते रे, राहू दे माझ्याकडे थोडे दिवस," — आणि थोडे दिवस म्हणजे आई जाईपर्यंत. तो मात्र दर वर्षी मागचं विवरणपत्र समोर ठेवायचा आणि रकाना न् रकाना उतरवून काढायचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस, त्याला तो एक रकाना वाचता येत नव्हता? येत होता. दुसऱ्या वर्षी पेन तिथे थांबलंही होतं. पण ताई शिवणकाम करणारी, तिला कर लागतच नाही, मग वजावट फुकटच जायची — अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पेन पुढे सरकलं.

मी महिन्यातून एका रविवारी जात होतोच की. फळं नेत होतो... आणि वीस मिनिटांत घड्याळ बघत होतो. आई वाकड्या तोंडाने काहीतरी सांगू बघायची, मला काही उमगायचं नाही, मग आतून हात पुसत ताई यायची आणि म्हणायची, "जेवलास का, विचारतेय."

परवा पिशवी मागताना त्याची जीभ अडखळली. ताईने मशीनही थांबवलं नाही. "कपाटात खाली आहे बघ, ने सगळी. मला काय करायचीत आता? तुझं काम होतंय ना, झालं तर मग." एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर चार शिव्या खाऊन तो मोकळा तरी झाला असता.

नंबर लागला. अधिकारी बाई सावकाश एकेक बिल उलटत होत्या, आणि याचा जीव टांगणीला.

"आई तुमच्याजवळच होत्या ना?"

"हो."

"बिलांच्या मागे गोळ्यांच्या वेळासुद्धा लिहिल्यात. कधी किती जेवल्या, कधी झोप लागली नाही..." बाईंनी आणखी एक बिल पालथं करून वाचलं. "सहा वर्षं! मला माझ्या आईचं सहा महिने नाही झालं हो. तुम्ही खरंच केलंत."

"करावंच लागतं," तो म्हणाला. कुणी ताईचं कौतुक केलं की ती हेच म्हणायची, अगदी याच सुरात. तेही त्याने उतरवून घेतलं होतं.

बाईंनी शिक्का मारला. "झालं. या तुम्ही."

अजून सांगता आलं असतं. कर, व्याज, वर दंड — भरला असता, त्याने काही घर बुडणार नव्हतं. पण त्यासाठी आई माझ्याजवळ नव्हती, हे एवढं वाक्य मोठ्याने बोलावं लागलं असतं. आणि ते तर त्याने स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. आपण पकडले जाणार, ही सकाळपासूनची धास्ती आता कुठेच नव्हती. तिच्या जागी दुसरीच भीती हळूहळू छातीत उतरत होती, की आता आपल्याला कधीच कुणी पकडणार नाही... पुढचा नंबर पुकारला गेला, मागे कुणीतरी येऊन उभंही राहिलं, आणि तो खुर्चीत बसूनच होता.