दसऱ्याला चाललेलं पातं

मी कटर बोलतोय. कागद कापायचं, बिडाचं, जुनं कटर. नाव ऐकून दचकू नका, माणसाचा गळा मी कधी कापला नाही. ते काम माणसं आपसात करतात.

सध्या माझा मुक्काम पांढुर्ण्यात, भूपेंद्रशेठच्या संत्र्याच्या गोदामात आहे. प्रेसमधलं कटर संत्र्यात काय करून राहिलं, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे. पोटात ठेवलं तर गंज चढतो.

माझा कारखाना कोणता ते अंगावर कोरलेलं होतं, पण रंगाचे थर चढत गेले आणि ते बुजलं. मला आठवतं ते नागपूरच्या एका बंद पडलेल्या प्रेसपासून. तिथून यशवंतरावांनी मला उचललं आणि मालगाडीनं पांढुर्ण्याला आणलं. स्टेशनवरून बैलगाडीत निघालो तर बैल अर्ध्या वाटेत बसले. लोक हसले. "यशवंतराव, हत्ती आणून राहिले का हो?"

"हत्तीच म्हणा," यशवंतराव म्हणाले. "पण हा कागद खाते अन् आमाले पोसते."

खोटं नव्हतं ते. वरचं चाक फिरवलं की कागदाच्या गठ्ठ्यावर दाब बसायचा, बाजूचा दांडा ओढला की पातं उतरायचं आणि गठ्ठा असा सुटायचा की कडेला बोट लावावं तर काचेसारखी गुळगुळीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, जिनिंगच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं, सारं माझ्याखालून गेलं. माझ्याबरोबर पाती दोन आली होती. एक अंगावर असायचं, दुसरं नागपूरला धार लावायला.

दसऱ्याला यशवंतराव माझ्या पात्याला हळदकुंकू लावत, लिंबू ठेवत, झेंडूची माळ घालत. म्हणत, "आपल्या घरात ना तलवार ना भाला. हत्यार एकच, हे. आजच्या दिवशी हे खाली येणार नाही." गिऱ्हाईक कितीही अडलेलं असो, त्या दिवशी माझा दांडा कोणी ओढला नाही. वर्षातला तो एक दिवस मी देव होतो. बाकीचे दिवस गडी.

यशवंतराव गेले, मुलगा मुकुंद बसला. त्यानं ऑफसेट मशीन आणली, खिळे जुळवणं गेलं, पण मी जागच्या जागी राहिलो. छापा कशानंही, कापायला मीच. मला वाटलं, आपल्याला मरण नाही. काय हा माज म्हणावा!

कारण मग फ्लेक्स आला. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चौकात हे एवढं तोंड लटकायला लागलं आणि त्या तोंडाला माझी गरज नव्हती. दुकानांतून बिलं मशीनमधून जिभेसारखी बाहेर यायला लागली. लग्नाचं निमंत्रण मोबाइलवर फिरायला लागलं, ढोलताशासकट. पूर्वी लग्नघरची माणसं पत्रिकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन जायची. आता यायची आणि म्हणायची, "पन्नासक छापून द्या. देवापुढं ठेवायले अन् मामाकडं द्यायले." देव आणि मामा दोघंच उरले, मोबाइलवर भागवून न घेणारे.

प्रेसमध्ये आता दोघंच होते. मुकुंद आणि बायंडिंग करणाऱ्या छायाबाई. छायाबाई नदीपलीकडच्या सावरगावच्या. वयानं मुकुंदपेक्षा मोठ्या, म्हणून तोंडावर बोलायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार जवळ आली की दोघांचं ठरलेलं भांडण. "यंदा झेंडा आमचा, मुकुंदभाऊ!" "नेऊन दाखवा, मग बोला!" त्या हसण्यावर आम्ही दिवस काढत होतो.

मग छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुकुंद त्या दिवशी प्रेसमध्ये नाचतच आला.

"छायाबाई, आता पाहा! जिल्हा बदलला म्हणजे पत्ता बदलला. अख्ख्या गावाचे लेटरहेड बदलतीन, बिलबुकं बदलतीन, शाळा, हाफिसं, सारे आपल्याच दारात येतीन."

"येतीन तवा पाहू," छायाबाई म्हणाल्या.

पण मुकुंदला धीर नव्हता. त्यानं नागपूरहून कागद उचलला आणि ऑर्डर नसतानाच छापायला घेतलं. खाली पत्त्याची ओळ, 'जिला पांढुर्णा, मध्यप्रदेश'. वर नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव तेवढं वर छापायचं आणि हातोहात द्यायचं. हुशारीच होती, पण आंधळी. छायाबाई म्हणाल्या, "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. भाऊ, थोडं थांबा." तो थांबला नाही. मी कापत गेलो, गठ्ठे छतापर्यंत गेले.

गिऱ्हाईक आलंच नाही. दुकानदारांनी एक रबरी शिक्का करून घेतला, जुन्या बिलबुकावरच्या छिंदवाड्यावर रेघ मारली आणि बाजूला ठप्पकन नवा जिल्हा. हाफिसांत टेबलाटेबलावर प्रिंटर बसले होते, पाहिजे तेवढा कागद तिथंच निघायचा. ज्यांना छापून हवं होतं त्यांनी बाहेरून मागवलं. दोन दिवाळ्या गेल्या. कागद कडेनं पिवळा पडायला लागला.

आता मुकुंदचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सौसरच्या एका पतसंस्थेची कॅलेंडरं. दरवर्षी ती त्याच्याकडेच यायची. तेवढं काम हाती राहिलं तर प्रेस वर्षभर उघडी राहणार होती. नाही तर कुलूप. संस्थेचे श्रीधरबाबू म्हणाले होते, "काम तुमचंच, फक्त दिवाळीच्या आत द्या." पण कागद आणायला हातात पैसा नव्हता आणि नागपूरचा कागदवाला उधार द्यायला तयार नव्हता.

आणि दसरा उजाडला.

सकाळी मुकुंद आंघोळ करून आला. मला पुसलं, हळदकुंकू लावलं, लिंबू ठेवलं, माळ घातली. छायाबाईंनी आपट्याची पानं माझ्यावर ठेवली. मी आपला देव होऊन बसलो. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि भूपेंद्रशेठ आत आले.

"मुकुंदभाऊ, अंबिया बहाराच्या संत्र्याची पयली गाडी आज भरून राहिलो. यंदा धानाची तणस भिजली, पेटीत संत्र्याखाली टाकायले काही नाही. तुमच्याकडं तो कागद पडला हाये म्हणतात. बारीक कतरन करून द्या, सारा घेतो. नगदी."

"उद्या सकाळीच देतो, शेठ."

"उद्याले काय करू? गाडी आज निघून राहिली. नाही जमत तर भुसा पाहतो."

"आज दसरा हाये हो."

"संत्र्याले काय मालूम दसरा!" शेठ म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले. झाडावरून उतरलेलं फळ कोणासाठी थांबत नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

मुकुंदनं गठ्ठ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तो काय मोजत होता ते मला कळत होतं. हा कागद गेला तर कॅलेंडरचा कागद येतो. कॅलेंडरं झाली तर प्रेस राहते.

"आज पात्याले हात नोका लावू, भाऊ," छायाबाई हळूच म्हणाल्या. "बाबांनी कधी लावला नाही."

"बाबांच्या वेळेस गिऱ्हाईक रांगेत उभं राहे, छायाबाई," मुकुंद म्हणाला. त्यानं लिंबू उचललं, माळ काढली, फडक्यानं हळदकुंकू पुसलं. भिंतीवर यशवंतरावांचा फोटो होता. तिकडं न बघताच पुटपुटला, "माफ करजा, बाबा."

आणि दांडा ओढला.

काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर कापलं, पण ते नीट वापरता यावं म्हणून कापलं. त्या दिवशी पहिल्यांदा मोडण्यासाठी कापलं. आपल्याच हातच्या सरळ, सुबक कागदाच्या बोटभर पट्ट्या. 'जिला' एकीकडे, 'पांढुर्णा' दुसरीकडे. पात्याच्या फटीत कुंकू राहिलं होतं, ते पट्ट्यांच्या कडेला लागत गेलं. छायाबाई पोत्यात कतरन भरत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मुकुंद रडला नाही. तो फक्त ओढत राहिला, संध्याकाळी टेम्पो भरेपर्यंत. सोनं वाटायला तो त्या वर्षी कोणाकडं गेला नाही.

त्या पैशानं नागपूरहून कॅलेंडरचा कागद आला. मुकुंदनं तो माझ्या टेबलावर चढवला, हात फिरवला. छायाबाईंनी तार लावायची मशीन पुसून ठेवली. त्याच दुपारी श्रीधरबाबूंचा फोन आला. मुकुंदचे हात शाईचे होते, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर ठेवला.

"मुकुंदभाऊ, वाईट नोका वाटून घेऊ. कमिटीनं कॅलेंडरं ऑनलाइन दिली. तुमचा कोरा कागद जेवढ्याले पडते ना, तेवढ्यात ते छापून घरपोच देऊन राहिले."

"कागद आणला होता हो मी."

"म्या सांगितलं त्याइले. माह्यं कोण ऐकते?"

"बरं," मुकुंद म्हणाला. "बरं बरं." फोन बंद झाला तरी तो 'बरं' म्हणतच होता.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. माझा दसरा गेला, त्याचा गठ्ठा गेला, कॅलेंडरंही गेली. मला राग कोणाचा यावा? श्रीधरबाबूंचा? शेठचा? स्वस्त मिळालं तर तुम्हीही तेच केलं असतं. पण राग येतो. लोखंडाला येत नाही म्हणता, येतो.

दिवाळीनंतर प्रेसला कुलूप लागलं. ऑफसेट मशीन भंगाराच्या भावात गेली, आलेला कागद पडेल भावात. मला भूपेंद्रशेठनं नेलं. आता इथं मी कतरन करतो. कागद कुठून येतो विचारा. गेल्या महिन्यात सौसरची एक प्रेस बंद झाली, तिच्या न विकलेल्या पत्रिका आल्या, गणपतीसकट. माझ्याच भाऊबंदांची घरं माझ्या तोंडात येतात आणि संत्र्याखाली जातात. छायाबाईही इथंच आहेत, कतरन मोकळी करायच्या कामाला. गोटमारीचं भांडण करायला समोर कोणी नाही.

मुकुंद आता त्याच ऑनलाइनवाल्यांसाठी गावोगाव फिरून ऑर्डरी घेतो, कमिशनवर. परवा पेटीवरच्या स्टिकरची ऑर्डर मागायला गोदामात आला. मला पाहिलं आणि नजर फिरवली. शेठ म्हणाले, "अरे मुकुंदभाऊ, त्याचं दुसरं पातं तुमच्याकडंच राहिलं ना? देऊन टाका. हे बोथट झालं, आता कापत नाही, फाडते."

मुकुंदनं स्टिकरचे नमुने पिशवीत भरले. म्हणाला, "नाही देत, शेठ. कतरनले धार कायले लागते?"

तो गेल्यावर छायाबाई माझ्याजवळ आल्या आणि जणू मला ऐकू यावं म्हणून बोलल्या, "देवघरात ठेवलं हाये त्यानं थे. लाल कपड्यात. रोज तेल लावते."

माझं मागणं एवढंच. संत्र्याची पेटी उघडलीत आणि तळाला पांढुर्ण्याचं नाव छापलेली पट्टी निघाली, तर फेकण्याआधी एकदा उजेडात धरा. शाई बघा, कशी एकसारखी बसली आहे. कडेला थोडं कुंकू दिसेल. पट्टी वाकडी कापली असेल, तर त्याबद्दल मुकुंदला बोल लावू नका. त्या दिवशी दसरा होता आणि मला खाली यायचं नव्हतं.