घंटागाडीतली बुधरी

वडसा गावात बुधरीबाईला पाहून ओळखणारे कमी आणि ऐकून ओळखणारे जास्त. राईस मिलच्या मागच्या गल्ल्यांतून ती चौदा वर्षं कचऱ्याची हातगाडी ढकलत फिरली. "आणा वं बाई कचरा!" अशी तिची हाक आली की तोंडाला पेस्ट लागलेल्या बायासुद्धा बादली घेऊन पळत सुटायच्या. आणि नुसती हाक मारून पुढे जाईल ती बुधरी कसली! दारोदारी थांबणार, विचारणार. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची गाय व्याली, कोण रात्री रुसून जेवलं नाही (बादलीतला भातच सांगायचा ना!), सगळं तिला ठाऊक. रेल्वे लाईनजवळच्या एका खोलीत ती एकटीच राहायची, पण सकाळचे चार तास तिला चाळीस घरं होती.

मग सुरजची कंपनी आली. सुरज गावातलाच. एका जुन्या ट्रॅक्टरवर त्याने नाल्या उपसायचं काम धरलं आणि बघता बघता सहा घंटागाड्या, रस्ता झाडायचं एक मशीन, गावाबाहेर पत्र्याचं मोठं शेड असा पसारा उभा केला. खोटं कशाला बोला, गाव चकाचक झालं! फक्त एक अडचण होती. गाडीवर कितीही गाणी वाजवा, बाया बाहेर यायला तयार नव्हत्या.

सुरज डोक्याने तेज. त्याने बुधरीला उचललं आणि मेन रोडवरच्या एका नाटक मंडळीच्या ऑफिसात नेलं. तिथे आवाज रेकॉर्ड करायचा माईक होता. बुधरीने पदर सावरला आणि खणखणीत हाक दिली, "ओला कचरा वेगळा, सुका वेगळा! काय भाऊ, बरं हाय ना?" आणि गप्प उभी राहिली.

"बाई, थांबल्या काऊन?" माईकवाल्याने विचारलं.

"भाऊले सांगू तं द्या, बरं हाय का नाई थे."

अख्खं ऑफिस खो खो हसलं. ती गप्प राहिली होती तेवढा तुकडा माईकवाल्याने कापून टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून सहाही गाड्यांवर बुधरी वाजू लागली. बाया धावत बाहेर! सुरज खूश. गाडी आली म्हणजे हातगाडीचं काम संपलं, म्हणून त्याने बुधरीला शेडात कचरा निवडायला बसवलं. पगार तोच, वर टोपी आणि हातमोजे.

शेडात आणखी चार बाया होत्या. पण कचऱ्याचा फिरता पट्टा असा खडखडायचा की कानाला तोंड लावल्याशिवाय बोलणं नाही, आणि बोलायला तोंडावरचा मास्क काढावा तर धूळ थेट घशात. बुधरी मात्र सवयीने मास्क खाली ओढून काहीबाही बोलायची, समोरची मान हलवायची आणि विषय संपायचा. आठ महिन्यांत तिचा घसा पार बसला. घरी येऊन बोलणार तरी कोणाशी? त्यामुळे आपला आवाज बदलला हे तिला कळलंही उशिराच.

एक दिवस गाडी रिकामी करताना ड्रायव्हर अजय हसत हसत म्हणाला, "बुधरीबाई, तुमचा एक आशिक हाय बरं का! मिलमांगचा पत्रूभाऊ. तुमी 'बरं हाय ना' म्हटलं का रोज उत्तर देते गाडीले!"

पत्रूभाऊ म्हणजे मिलमध्ये पूर्वी हमाली करणारा म्हातारा. डोळे गेलेले, ओसरीवर बसून असायचा. बुधरीला त्या रात्री झोप लागली नाही. कोणीतरी आपल्याशी रोज बोलतंय आणि आपण तिथे नाहीच!

सकाळी ती सुरजपुढे उभी राहिली. "मले गाडीवर घे. हेल्पर म्हणून घे. मले लोकाइत जाऊ दे."

"काय बाई तुमी पन!" सुरज फोनमधून मान वर न करता म्हणाला. "तुमचा आवाज अख्ख्या गावात फिरून राह्यला. मंग तुमाले काऊन फिरा लागते?"

बुधरीने टोपी घातली आणि पट्ट्याकडे परतली.

गुरुवारी तिची सुटी. धुतलेलं लुगडं नेसून ती मिलमागे गेली. पत्रूभाऊ ओसरीवरच होता.

"काय भाऊ, बरं हाय ना?" तिने विचारलं. घशातून खरखर आली.

"कोन हाय?"

"मी बुधरी."

म्हातारा हसला. "मजाक नोको करू बाई. बुधरीचा आवाज मले मालूम नाई का? थे येते न रोज. आजकाल लय घाईत राह्यते, थांबत नाई. पन इचारल्याबिगर जात नाई."

"भाऊ, मीच थे. घसा बसला माह्या."

"बस, बस. पानी पेतं का?" तो तिला समजावणीच्या सुरात म्हणाला. कोणी भ्रमिष्ट बाई आली असं वाटलं असणार त्याला!

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. पत्रूभाऊने हात वर केला, "चूप, चूप, आली थे!" आणि भिंतीला धरून उठून उभा राहिला. गाडीतून जुनी बुधरी खणखणली, "काय भाऊ, बरं हाय ना?"

"बरं हाय वं बाई!" म्हातारा जिवाच्या आकांताने ओरडला. "गुडघा लय दुखते!"

गाडी थांबली नाही. ओला वेगळा, सुका वेगळा करत पुढच्या घराकडे निघून गेली. पत्रूभाऊ समाधानाने खाली टेकला.

बुधरी बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. मग ओसरीच्या कडेला बसली.

"कोनता गुडघा, भाऊ?"

तो आवाजाच्या दिशेने वळला. त्याचा हात गुडघ्यावर गेला.

"डावा," तो म्हणाला.

"तेल लावतं का?"

"लावनार कोन?"