देवाच्या उतारावरचं स्टेअरिंग

लटारूचा डावा खांदा त्याच्या आधी म्हातारा झाला होता. फौजेच्या लिलावातून घेतलेला त्याचा जुना ट्रक एटापल्लीकडच्या जंगलातून बांबू भरून डेपोत आणायचा, आणि तिथे रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. पुढचं चाक खुंटावर चढलं की स्टेअरिंग उलटं फिरायचं आणि सगळा हिसका खांद्यात जायचा. डॉक्टरने सरळ सांगून टाकलं होतं, आणखी एक मोठा हिसका बसला तर हात वर उचलायचा नाही.

बायको वच्छला तर रोजच म्हणायची, "अवो, आता दिनेशले देऊन टाका ना चालवाले." दिनेश त्याच्यासोबत ट्रकवर फिरणारा क्लीनर, तिकडच्याच जंगलातल्या गावचा, हातही चांगला होता त्याचा. पण स्वतःच्या ट्रकात बाजूच्या सीटवर बसायचं म्हणजे लटारूला तिरडीवर चढल्यासारखं वाटायचं. म्हणून हायड्रॉलिक स्टेअरिंग बसवून घ्यायला तो गोंडपिपरीला प्रफुलच्या गॅरेजात आला होता.

प्रफुलने दोन्ही प्रकार समजावून सांगितले. एकात मधला लोखंडी रॉड निघून जातो, स्टेअरिंग आणि चाकांच्या मध्ये फक्त तेलाचे पाइप. खुंट येवो की गोटा, हाताला काही कळत नाही. दुसऱ्यात रॉड तसाच राहतो, सिलिंडर नुसता जोर लावू लागतो; काम हलकं होतं, पण हिसका थोडाफार येतोच.

"तुमाले पाइपवालाच पाहिजे भाऊ," प्रफुल म्हणाला. "तुमची गाडी हळू चालते, डेपोच्या पुढं जात नाई. फक्त एक गोष्ट. इंजिन बंद झालं का पंप बंद, अन् मंग चाक वळतच नाई."

"अन् रॉडवाल्याचं?"

"तो बंद गाडीतही वळते. पण जुन्याहूनही लय जड. तुमच्या खांद्याचं काम नाई ते."

लटारूच्या डोळ्यांपुढे देवाचा उतार आला. त्याच्या वाटेवर एक लांबलचक उतार होता, आणि उताराच्या मध्यावर मोहाच्या झाडाखाली देवाचं ठाणं. पहिल्याच खेपेला त्याच्या उस्तादाने, झिंगूभाऊने, तिथे इंजिन बंद केलं होतं आणि हात जोडून ट्रक तसाच मुक्याने खाली सोडला होता. देव जंगलातल्या माणसांचा, त्याच्यापुढून घरघर करत जाऊ नये, हे लटारूने कोणी न सांगताच ओळखलं. तेव्हापासून आजवर एकही खेप चुकली नव्हती. त्यांच्या जंगलातलं आपण खातो, मग एवढा मान तरी राखायला नको?

"उतारावर गाडी बंद करावी लागते मले," तो म्हणाला.

"काऊन? डिझेल वाचवाले?"

देवाची गोष्ट तेलकट गॅरेजात काय सांगायची! "तू रॉडवालाच बसव," लटारू म्हणाला. प्रफुलने परत एकदा समजावलं, मग हात झटकून कामाला लागला. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की मेकॅनिकने तरी किती डोकं फोडायचं?

नवं स्टेअरिंग सपाटीवर सुरेख चाललं. बांबू भरून तो आणि दिनेश निघाले तेव्हा लटारू उजव्या हातानेच ट्रक फिरवत होता. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. मग उतार आला. नेहमीसारखं त्याने इंजिन बंद केलं आणि क्षणभर हात जोडले.

स्टेअरिंग दगड झालं. पावसाने खरवडलेल्या चरात पुढचं चाक घसरलं, ट्रक कडेकडे ओढला जाऊ लागला. लटारूने दोन्ही हातांनी स्टेअरिंगवर अंग टाकलं आणि खांद्यात काहीतरी कट्कन तुटलं. दिनेशने झेप घेऊन त्याच्यासोबत स्टेअरिंग ओढलं, ब्रेक लागले, ट्रक बांबूच्या दाट बेटात नाक खुपसून थांबला. मोहाचं झाड तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

लटारूचा डावा हात मांडीवर पडला होता. उचल म्हटलं तरी तो उचलेना.

"काऊन बंद केली भाऊ गाडी?" दिनेश धापा टाकत म्हणाला. "नवं स्टेअरिंग हाय ना!"

"तुमच्या देवापुढून चालू गाडी कशी नेऊ?"

दिनेश त्याच्याकडे बघतच राहिला. "देवाले काय होते इंजिनानं? आमच्या गावचे ट्रॅक्टर जातात ना इथून. लग्नात तं बाजा लावून जातात."

"मंग झिंगूभाऊ काऊन बंद करे?"

"तो तं डिझेल वाचवे ना भाऊ! सगळ्या जंगलाले मालूम हाय. मले वाटे, तुमीबी त्याच्याचसाठी बंद करता."

"अन् हात काऊन जोडे तो?"

"हात तं सगळेच जोडतात."

लटारूला हसू आलं आणि खांद्यातून अशी कळ गेली की ते अर्ध्यावरच राहिलं. रागवावं तरी कोणावर? झिंगूभाऊ कधीचा वर गेला होता. देवाने तर काही मागितलंच नव्हतं. लटारूला फार, फार थकल्यासारखं झालं. तो दार उघडून खाली उतरला, पलीकडून फिरून आला आणि बाजूच्या सीटवर बसला. दिनेशनेच त्याला हात देऊन वर घेतलं.

दिनेशने इंजिन चालू केलं, ट्रक मागे घेऊन वाटेला लावला. मोहाच्या झाडापुढून ते घरघरतच गेले. डेपो जवळ आला तसं मोबाइलला रेंज आली आणि वच्छलाचा फोन वाजला.

"झालं का हलकं स्टेअरिंग?"

लटारूने दिनेशच्या हातांकडे पाहिलं.

"लय हलकं झालं," तो म्हणाला. "दिनेश एका हातानं चालवून राह्यला."